झोळीचं वजन

९ जुलै २००७, जव्हार

खोली लागली. खाली हनीफभाईंचं शिवणाचं दुकान, वर आपल्या संस्थेचे सहा कॉम्प्युटर, त्यांच्या मागे पडदा, पडद्यामागे माझी खाट आणि स्टोव्ह. खिडकी उघडली की धुकं आत येतं, कागद मऊ पडतात. लाइट दिवसातून किती वेळ असते विचारलं तर हनीफभाई म्हणाले, "आती है, जाती है. आपलं मशीन पायानं चालतं, आपल्याला काय!"

त्यांना माझं कार्ड दिलं. 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर' असं एकेक अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "लेडीज की जेन्ट्स?"

पुण्यात तरी कोणाला कळतं म्हणा. आई अजून लोकांना सांगते, शाळेतली नोकरी सोडली आणि कॉम्प्युटरमध्ये गेली.

१० जुलै

भोये सर मोखाड्याहून आले. संस्थेचं तिकडचं सगळं काम तेच बघतात, मूळचे तिकडचेच. शांत माणूस. सगळं ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारतात.

"मॅडम, कोर्समधली माहिती आपले डॉक्टर देणार. चित्रं मुंबईची कंपनी काढणार. नेटवर पुण्याचं ऑफिस चढवणार. मग तुम्ही?"

म्हटलं, मी मधली. डॉक्टर पन्नास पानं देतात, त्यातलं आरोग्यताईंना काय लागेल, कोणत्या क्रमाने लागेल, एका वेळी किती झेपेल, हे मी ठरवते. कुठे चित्र, कुठे आवाज, कुठे प्रश्न, तेही. म्हणाले, "म्हणजे काय वगळायचं ते तुमच्या हातात."

हो, असंही म्हणता येईल.

१२ जुलै

आज जाईताईंबरोबर पाड्यावर. जाईताई वारघडे, संस्थेच्या सगळ्यात जुन्या आरोग्यताई. चौथी पास. वावर गावची पोरं कुपोषणाने गेली तेव्हा कामाला लागल्या. वर्ष सांगत नाहीत, 'त्या साली' म्हणतात आणि विषय बदलतात.

वजनाचा भाग आधी लिहायचा म्हणून त्यांचं वजन करणं बघितलं. एका घराच्या आढ्याला दोरीने वजनकाटा टांगला. पोरं जमेपर्यंत हात चालूच. मी ओट्यावर बसून क्रम लिहून घेतला :

१. काटा डोळ्यासमोर येईल असा टांगणे
२. रिकामी झोळी अडकवणे
३. स्क्रू फिरवून सुई शून्यावर
४. कपडे, वाळे उतरवून बाळ झोळीत
५. सुई थांबेपर्यंत थांबणे (बाळ रडतं, आई ओढते, सगळे घाई करतात, जाईताई करत नाहीत)
६. वाचून लगेच तक्त्यावर

सगळं मिळून दोन मिनिटं. माझ्याशी बोलता बोलता. एका आईला हसवता हसवता. हे मी कॉम्प्युटरवर कसं आणणार आहे देव जाणे.

येताना पोशेऱ्याच्या चढावर जीप बंद पडली, सगळे उतरून ढकलत होतो. चपलेचा अंगठा गेला.

१९ जुलै

चार दिवस स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका स्क्रीनचा कागदावरचा आराखडा. एका स्क्रीनवर पाच ओळी, सहावी नाही. हा नियम माझाच आहे, आणि पुण्यात मी नवीन पोरांना तो छाती पुढे काढून शिकवते. सहावी ओळ आली की वाचणारा पहिली विसरतो.

वजनाच्या स्क्रीनवर सहा पायऱ्या होत्या. दुसरी आणि तिसरी एक केल्या : 'सुई शून्यावर आणा.' झोळी बाळाच्या ओळीत येतेच. आता बरोब्बर पाच. डॉक्टरांचं मेलवर 'ओके' आलं. पुण्याचे आमचे प्रमुख प्रकाश सर, त्यांचं 'क्रिस्प!' आलं. सरांना फार आनंद झाला की ते इंग्रजीत लिहितात.

३ ऑगस्ट

कंपनीने चित्रं पाठवली. बाळ इतकं गुटगुटीत की पावडरच्या डब्यावर शोभेल. कळवलं, हे इकडचं बाळ नाही. परत आलं ते फक्त गाल कमी करून. तिसऱ्या वेळी जमलं. बाळाच्या गालांवर एकूण पाच मेल झाल्या. बाकी स्क्रीन पटापट पास केल्या, वेळ नव्हता.

आवाज देणारी बाई 'बालकास' म्हणत होती, ते 'बाळाला' करून घेतलं. त्यासाठी मात्र भांडले.

१६ ऑगस्ट

पहिली बॅच. अकरा ताई, सहा कॉम्प्युटर. भोये सर दोन जीप भरून घेऊन आले. एकेका कॉम्प्युटरला दोघी बसवल्या तर तिथे चार जमायच्या. एकीचा माउस, तिघींचं तोंड. मी आधी ओरडले, मग सोडून दिलं. त्या एकत्रच शिकतात. आमच्या कोर्सला हे माहीत नाही, त्याला वाटतं माणूस एकटाच बसलाय.

जाईताई माउस टेबलावरून उचलून हवेत धरतात. तीनदा सांगितलं, चौथ्यांदा त्यांचा हात हातात धरून फिरवला. हात खरखरीत आणि अगदी हलका.

सविता हुशार आहे. बारावी झालेली, जूनमध्ये लागली. पोशेऱ्याच्या पलीकडचा एक पाडा पुढच्या महिन्यापासून तिच्याकडे, तो आधी जाईताईंकडे होता. तिने दुपारीच सगळा कोर्स संपवला आणि बाकीच्यांना 'पुढे'चं बटण दाखवत फिरत होती. मला माझ्या शाळेतल्या पोरी आठवल्या. बरं वाटलं.

१७ ऑगस्ट

परीक्षा. सर्टिफिकेट मिळालं तरच नवीन किट (काटा, झोळी, तक्ते), असं पुण्याने ठरवलंय.

वजनाचा प्रश्न चित्रं ओढून क्रमाने लावायचा आहे. जाईताईंनी झोळीचं चित्र ओढून काट्यावर नेलं. मशीनने 'पुन्हा प्रयत्न करा' म्हटलं. पुन्हा झोळी. पुन्हा तोच आवाज. आजूबाजूच्या हसायला लागल्या, वाईट मनाने नाही.

"आधी झोळी अडकवायची ना, मॅडम?"

"नाही ताई. आधी सुई शून्यावर."

"रिकामी झोळी नाय अडकवायची?"

"ती इथे पडद्यावर नाहीये. बाळ झोळीत ठेवायचं, मग झोळी काट्याला."

"बरा," म्हणाल्या. नापास झाल्या. लाइट जायच्या आत अजून पाच जणींची परीक्षा उरकायची होती.

सविताला पैकीच्या पैकी.

१८ ऑगस्ट

जाईताई दुसऱ्यांदा नापास. तिसऱ्यांदा पास. आता न विचारता मशीन म्हणतं तसं लावलं. सर्टिफिकेट दोन्ही हातांनी घेतलं, घडी केली, पिशवीत टाकलं. फोटोला थांबल्या नाहीत, जीप चुकेल म्हणाल्या. मी अहवालात लिहिलं : 'जुन्या कार्यकर्त्यांना नवीन पद्धत स्वीकारायला वेळ लागतो.'

७ सप्टेंबर

कोर्सनंतरची पहिली वजनं आली. तिसऱ्या श्रेणीतली, म्हणजे ज्यांच्याकडे तातडीने बघायला हवं अशी मुलं बरीच कमी झाली आहेत. सविताच्या पाड्यावर तर एकही नाही. भोये सरांनी रजिस्टर दोनदा चाळलं.

"इतक्या लवकर? आणि तेही पावसात, जेव्हा घरात काही नसतं?"

म्हटलं, सर, शंका घेण्याची तुम्हाला सवयच आहे. हसले. मीच खूश होते, त्यांची शंका कशाला ऐकून घेतेय.

२१ सप्टेंबर, पुणे

गणपतीतच मीटिंग. प्रकाश सरांनी आलेखाची स्लाइड लावली, दोन उभे खांब, कोर्सच्या आधी आणि कोर्सच्या नंतर. निधी देणारे दोन पाहुणे होते. टाळ्या झाल्या. सरांनी मला उभं केलं. कोर्स आता आणखी तालुक्यांत न्यायचा. मी साडी नेसून गेले होते, फोटोत चांगली आले आहे.

आईला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे पोरं बरी झाली ना? मग चांगलं काम आहे." पहिल्यांदाच काम समजलं तिला.

९ ऑक्टोबर, जव्हार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

हनीफभाईंनी दुपारी वर हाक मारली. पुढच्या बॅचच्या किटसाठी झोळ्यांची दुसरी ऑर्डर त्यांच्याकडेच आहे, ऑगस्टच्याही त्यांनीच अशाच शिवल्या होत्या. एक तयार झाली होती, ती दाखवायला आले. रोजा होता, आवाज बारीक, पण कामाचा अभिमान तोच. "देखो मॅडम. ताडपत्रीचं कापड, दुहेरी शिलाई, वर लोखंडाची कडी. जुनी झोळी साडीच्या कापडाची होती, फाटायची. यात मोठा माणूस बसला तरी काय नाय होणार."

हातात घेतली. जड लागली. विचारलं, किती असेल हो वजन? म्हणाले, "काटा तुमच्याकडं हाय, मी काय सांगू?"

खोलीत डेमोचा काटा टांगलेला आहे. सहज अडकवली. सुई चारशे ग्रॅमवर.

हनीफभाई शिलाईबद्दल बोलत होते. मी कॉम्प्युटर चालू केला आणि वजनाची स्क्रीन उघडली. सुई शून्यावर आणा. बाळाला झोळीत ठेवून झोळी काट्याला अडकवा. पाच ओळी. झोळीसकट बाळाचं वजन. प्रत्येक बाळ चारशे ग्रॅम जास्त.

हनीफभाईंनी विचारलं, "सिलाई में कुछ गलती है क्या?" म्हटलं, नाही, तुमच्यात काही चूक नाही.

१० ऑक्टोबर

पहिल्या एसटीने जाईताईंकडे. शेतात होत्या, भाताची कापणी चालू आहे. बांधावरच बोललो.

"ताई, तुम्ही वजन कसं करता?"

"कसा म्हणजे? रिकामी झोळी टांगते, सुई शून्यावर आणते, मंग पोर."

"कोर्सनंतरसुद्धा?"

"हो."

"पण परीक्षेत तुम्ही..."

"परीक्षेत तुमचा केला. दोन वेळा नापास केला ना मशीननं."

"मला सांगायचं होतंत, ताई."

"सांगितला होता."

खरंच सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही ठेवलंय, काय म्हणाल्या आणि मी काय म्हटलं ते. तिथेच बांधावर बसले. त्यांनी कापणी थांबवली नाही. थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, "सविताला पण सांगितला मी. ती बोलली, जाईताई, तुम्ही तर नापास झालेल्या. मंग बाकीच्यांना नाय सांगितला. कोणाला पटल?"

माणसाला लाज वाटते म्हणजे काय, ते आज कळलं. त्या चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

११ ऑक्टोबर

भोये सरांबरोबर सविताच्या पाड्यावर. तिचं रजिस्टर सुरेख, एक खाडाखोड नाही. त्यात एक नाव सरांनी बोटाने दाखवलं. बुधी. बुधवारी झाली म्हणून बुधी. चौदा महिन्यांची, आईचं नाव लखमी.

ऑगस्ट, जाईताईंच्या हातचं : ५ किलो ९००. तिसरी श्रेणी, जादा आहार चालू.
सप्टेंबर, सविता : ६ किलो २००. दुसरी श्रेणी. जादा आहार बंद.
ऑक्टोबर, सविता : ६ किलो २००.

लखमीच्या घरी काटा टांगला. रिकामी झोळी लावून सुई शून्यावर आणली, मग बुधीला ठेवलं. रडलीसुद्धा नाही. ५ किलो ८००.

दोन महिन्यांत पोर शंभर ग्रॅमने उतरली आणि आम्ही ती वाढली म्हणून तिचं खाणं बंद केलं. मी केलं. सविताने नाही.

सविता रजिस्टर घेऊन बाहेर आली. "मी कोर्समध्ये आहे तसंच केलं, मॅडम. मला पैकीच्या पैकी मिळाले."

"माहीत आहे. चूक कोर्समध्ये आहे. माझी आहे."

"मग मी मागचं सगळं खोडू का?"

भोये सर म्हणाले, "खोडू नकोस. बाजूला खरं लिही आणि आजची तारीख घाल."

बुधीचा जादा आहार आजपासून परत. दवाखान्यात नेऊ म्हटलं तर लखमी म्हणाली, कापणी झाल्याशिवाय नाय जमायचा.

परत येताना मी सरांना म्हटलं, तुम्ही सप्टेंबरमध्येच विचारलं होतंत. म्हणाले, "विचारून गप्प बसलो ना. माझी पण चूकच."

१३ ऑक्टोबर

प्रकाश सरांना फोन, एसटीडी बूथवरून. सगळं सांगितलं. म्हणाले, "चारशे ग्रॅमच ना?"

म्हटलं, सर, सहा किलोच्या पोरात.

"हे बघ, घाबरू नकोस. व्हर्जन टूमध्ये दुरुस्त करू. कंपनीला दीड महिना लागेल. तोपर्यंत भोयेंना सांग तोंडी काय ते. पाहुण्यांना आत्ता कळवायची गरज नाही, आपला आलेख त्यांच्या अहवालात गेलाय."

"आलेख झोळीचा आहे, सर. मुलांचा नाही."

म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतेस." बूथवाला माझ्याकडे बघत होता, मी मोठ्याने बोलत होते वाटतं.

१५ ऑक्टोबर

कोर्स चालू-बंद करायचा पासवर्ड माझ्याकडेच आहे, आजवर कधी वापरला नव्हता. सकाळी वापरला. आता कोर्स उघडला तर पांढरा पडदा आणि एक ओळ : 'या कोर्समध्ये वजन करण्याची पद्धत चुकीची सांगितली आहे. कृपया त्याप्रमाणे वजन करू नये.' त्याखाली माझं नाव.

मग मेल लिहिली. डॉक्टर, प्रकाश सर, दोन्ही पाहुणे, भोये सर, सगळ्यांना एकच. काय वगळलं, कोणी वगळलं, कधीपासून, आणि ऑगस्टनंतरची वजनं धरू नयेत. चार वेळा लिहिली. पहिल्या तीन वेळा 'अनवधानाने' लिहिलं होतं, ते काढलं. अनवधान कसलं, विचार करून वगळलं होतं मी. स्क्रीन छान दिसावी म्हणून.

पाठवताना लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा गेली.

१७ ऑक्टोबर

डॉक्टरांचं उत्तर : 'मीही पाहून ओके दिलं होतं. माझंही नाव घाला.' हे त्यांनी केलं नसतं तरी चाललं असतं. बरं वाटलं.

प्रकाश सरांचं : 'पुण्याला ये. समक्ष बोलू.' इंग्रजीत नाही, मराठीत. म्हणजे फार रागावलेत. कळवलं, दिवाळीनंतर. इथलं काम अर्धं टाकून येणार नाही.

पाहुण्यांचं काही नाही.

१९ ऑक्टोबर

जाईताईंना विचारलं, सगळ्या ताईंना मोखाड्याला बोलावते, वजन तुम्ही शिकवाल का?

"मी?"

"तुम्हीच."

म्हणाल्या, "आधी तुम्ही सांगा सगळ्यांसमोर, मशीन चुकला ते. मी सांगितला तर बोलतील जाईताई जळते."

तेवढंच मागितलं. मी अजून काय काय द्यायच्या तयारीत गेले होते.

२२ ऑक्टोबर, मोखाडा

बाजाराचा दिवस निवडला, म्हणजे सगळ्यांना जीप मिळतात. संस्थेच्या ओसरीवर अकराही जणी. मी उभी राहून सांगितलं. काय चुकलं, कोणाचं चुकलं, जाईताईंनी परीक्षेच्या दिवशीच मला विचारलं होतं आणि मी त्यांना गप्प केलं. नापास त्या नव्हत्या, मी होते. शेवटचं वाक्य आधी ठरवलं नव्हतं.

बाहेर सुक्या मासळीचा भाव चालला होता तो ऐकू येत होता. मग एक जुनी ताई म्हणाली, "मी पण आधी झोळी लावायची. मंग सोडला. बोलले, पुण्याचा हाय, बरोबरच असल."

जाईताई उठल्या. शिकवणं असं काही नाही. काटा टांगला, झोळी लावली आणि एकेकीला बोलावून स्क्रू फिरवायला दिला. झोळीत एकदा वीट ठेवली, एकदा नाचणीची पिशवी, आणि प्रत्येकीला आधी हाताने उचलून अंदाज सांगायला लावला, मग काट्यावर. माझ्या सोळा स्क्रीनमध्ये एकदाही ताईंच्या हाताला काही उचलायला सांगितलं नव्हतं. मी मागे बसून लिहून घेत होते. या वेळी ओळी मोजल्या नाहीत.

सविता सगळ्यात मागे. तिची पाळी आली तेव्हा जाईताई बाजूला सरकल्या, तिला जागा दिली. सविताने झोळी लावली. स्क्रू फिरवून सुई बरोबर शून्यावर आणली. जाईताई म्हणाल्या, "जमला."

२६ ऑक्टोबर

सगळीकडे फेरवजनं चालू. दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर न्यायला गाड्या येतात, पाडे रिकामे होतात ते थेट होळीपर्यंत. गाड्या यायच्या आत सगळ्या मुलांची वजनं व्हायला हवीत. भोये सर दिवसाला दोन पाडे चालतायत. माझे गुडघे एकच पाडा देतात.

तिसऱ्या श्रेणीतली नावं परत यायला लागली. सप्टेंबरच्या यादीतून मी ज्यांना आनंदाने काढलं होतं, तीच.

३ नोव्हेंबर

बुधी ५ किलो ६००. आहार घरी पोचतो, पण तो तिघा भावंडांत जातो, त्यात लखमीचा काय दोष. जुलाबही आहेत. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, घरी होणार नाही, ताबडतोब जव्हारला दाखल करा, किमान पंधरा दिवस.

लखमीचा नवरा म्हणाला, गाडी तेरा तारखेला आहे. बाई मागे राहिली तर विटा कोण थापणार? जोडीनेच काम असतं. खोटं नाही ते.

सविता रोज जातेय. तिला म्हटलं, तू एकटी ओझं घेऊ नकोस. म्हणाली, "मॅडम, मीच सांगितलं होतं ना त्यांना, बुधी सुधारली म्हणून. पेढा दिला होता लखमीने मला."

९ नोव्हेंबर

दिवाळी. पुण्याला गेले नाही. आई रुसली. हनीफभाईंच्या घरून शिरखुर्मा आला, 'ईदला तुम्ही फिरतीवर होता, तुमचा राहिला होता' म्हणून. झोळ्यांच्या दुसऱ्या ऑर्डरवर त्यांनी मला न विचारता कडी अल्युमिनियमची केली आहे. त्यांना म्हटलं, वजन कितीही असलं तरी चालेल, आता ते धरलं जात नाही. म्हणाले, "फिर भी."

प्रकाश सरांचं पत्र आलं. पुढच्या तालुक्यांचं काम दुसऱ्या कोणाकडे देतायत. 'तुझ्या तब्येतीचा विचार करून.' माझी तब्येत ठणठणीत आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. तो कोर्स माझा होता.

११ नोव्हेंबर

सविता, जाईताई आणि मी लखमीकडे. घरासमोर सामान बांधून ठेवलंय. दोन पातेली, गोधड्या, कोंबडी टोपलीखाली. नवरा नव्हता.

जाईताईंनी तिच्या भाषेत समजावलं. मला सगळं कळलं नाही, 'त्या साली' तेवढं कळलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या त्यावर विषय न बदलता बोलल्या. लखमी ऐकत होती. मग माझ्याकडे वळली.

"दोन महिने सविता बोलली, पोर सुधारली. आता तुम्ही बोलता, खराब हाय. काटा तोच, झोळी तीच. मी कोणता खरा मानू?"

सविताची मान खाली. मी आतापर्यंत सगळ्यांना उत्तरं दिली होती. पुण्याला, डॉक्टरांना, अकरा ताईंना. हिला काय देऊ? 'आमची चूक झाली' म्हटलं तर तिचा पुढचा प्रश्न मला ऐकू येत होता : मग आता नाही कशावरून?

म्हटलं, "आमचं मानू नकोस. काट्याचंही मानू नकोस. तू रोज उचलतेस तिला. आषाढात होती तशी लागते का हाताला?"

लखमीने बुधीला सामानाजवळून उचललं. कडेवर घेतलं. या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मला आपलंच घोडं पुढे दामटावंसं फार वाटलं, जाईताईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"धनी आला का मंग बोलते," लखमी म्हणाली आणि आत गेली.

१२ नोव्हेंबर

गाडी उद्या सकाळी. दवाखान्यात खाट सांगून ठेवली आहे, डॉक्टर स्वतः फोनवर बोलले. भोये सर जीप घेऊन पोशेऱ्यापर्यंत जाऊन थांबणार, त्याच्या वर रस्ता नाही. सविता आज पाड्यावरच राहिली आहे.

दुपारी तिचा निरोप आला, पाड्यावरच्या एका माणसाबरोबर. चिठ्ठी नाही, तोंडी. लखमीने बांधलेल्या सामानातून बुधीची गोधडी आणि आपलं एक लुगडं वेगळं काढून ठेवलं आहे. नवऱ्याने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

त्याला विचारलं, अजून काही? म्हणाला, "तेवढाच सांगितला."